अठरा थरांची थप्पी

मला नीट बोलता येत नाही, असं अण्णांनी ठरवलं त्याला दोन वर्षं झाली. सोनई रस्त्यावरच्या त्यांच्या सोयाबीनच्या गोदामात मी हमाल म्हणून लागलो आणि मुकादम झालो, ते तोंडाच्या जोरावरच. कुठल्या व्यापाऱ्याला कधी भाव पाडू दिला नाही. पण एकदा गिऱ्हाइकासमोर अण्णांवरच ओरडलो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडच्या गोदामाच्या किल्ल्या त्यांच्या भाच्याच्या कमरेला दिसल्या. "तुझं बोलणं अंगावर येतं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी बरोबर मीच होतो, हे आजही सांगतो.

तेव्हापासून अण्णांशी गोड बोलायला शिकलो. सांगायचं नाही, विचारायचं. आपलं म्हणणं समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

यंदा तागाची पोती गेली, प्लास्टिकची आली. ताग तागाला धरून बसतो, प्लास्टिक सरकतं. हमालांचे हात मात्र जुनेच. त्यांनी सवयीनं अठरा थर चढवले. तिसऱ्या दिवशी मागच्या कोपऱ्यातली थप्पी पोट काढून उभी दिसली.

मी अण्णांकडं गेलो. "अण्णा, मागची थप्पी कशी वाटते तुम्हाला?"

"सरळ हाय की."

"तुमची नजर पक्की. पण वरचे चार थर उतरवले, तर गाडी भरायला सोपं जाईल का?"

"बघू शनिवारी." मग हसले. "आता कसं, माणसासारखं बोलतोस!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, किल्ल्याही आठवल्या.

परत आलो तर थप्पीच्या बुडातून दाणे गळत होते. एकसारखे, आवाज न करता. सांडलेलं झाडायला येणारी मावशी तिथंच उकिडवी बसून ते सुपात भरत होती.

"मावशी, ऊठ! बाहेर हो!"

"आला भुंकायला," ती मान वर न करता म्हणाली. "रोजचंच हाय तुझं. दोन मुठी राहिल्यात."

मी धावलो, दंडाला धरून ओढली. ती बाहेर आली. थप्पी कोसळली आणि तिचा उजवा पाय तेवढा पोत्यांखाली राहिला.

अण्णा पळत आले. पोत्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एवढं होतं, तर ओरडायचं ना!"

मावशी आता काठी टेकत येते आणि त्याच कोपऱ्यात झाडते. तिथं नवी थप्पी लागतेय, सोळा थर झालेत. सकाळपासून मी ओरडतोय. भाचा म्हणतो, मामांना विचारा, पण जरा शांतपणे.