चुन्यातली पावलं

दंवाने ओलावलेल्या मातीवर चुन्याची फक्की पडली की एक थंड, किंचित तिखट गंध उठतो. नागपूरच्या हिवाळी सकाळींचा तो गंध मला अजूनही अत्तराहून प्रिय आहे. माझ्या विद्वत्तेचं पतनही त्याच गंधात झालं, हा भाग वेगळा.

शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन मी नुकताच मुलींच्या शाळेत रुजू झालो होतो. कौशल्याचे सुटे भाग करून शिकवावं, हे तत्त्व डोक्यात इतकं ताजं होतं, की खो-खोच्या खांबाला वळसा घालणंही मी भूमितीच्या प्रमेयासारखं मांडलं: स्वतः धावत वळलो, जिथे जिथे पाय पडले तिथे तिथे फक्कीने ठसे रेखले आणि मुलींना याच ठशांवरून जायची आज्ञा केली. कोवळ्या उन्हात ती शुभ्र पावलं रांगोळीसारखी शोभत होती. माझी उंची सहा फूट आहे, एवढी क्षुल्लक बाब तेवढी ध्यानातून निसटली.

नववीतली विमल सर्वांत चपळ. पण शनिवारच्या सामन्यांसाठी संघ त्या सकाळीच निवडायचा होता आणि ती दर वेळी खांबाशी धडपडत होती. खेळायला जाऊ द्यावं म्हणून तिने घरी केवढी मनधरणी केली होती, हे तिची मैत्रीण कुसुम मला पुन्हापुन्हा ऐकवत होती. खाली मान घालून विमल ठसे हुडके, तोवर पुढे पळणारी कुसुम पार पलीकडे. अखेर गुडघा झाडत विमल म्हणाली, “सर, तुमच्या टांगा केवढ्या लंब्या. आम्ही पळून नाही राहिलो, नाल्या कुदून राहिलो.”

मुली खिदळल्या. गुरुपदाची लाज राखायला मी स्वतः धावलो, फक्कीवरून घसरलो आणि उठलो तेव्हा पँटच्या पार्श्वभागी माझ्या अध्यापनशास्त्राचा पांढराशुभ्र सारांश उमटला होता.

“सर, हे कोणतं पाऊल होय?” कुसुमने अत्यंत आदराने विचारलं.

खराटा आणून मी ठसे पुसले आणि विमलला म्हटलं, “खाली नको पाहू. कुसुमला पकड.”

ती निघाली. खांबाशी तिची इवली पावलं कशी पडली, हात कुठे टेकला, कोण जाणे. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं तशी ती आली आणि कुसुमच्या पाठीवर तिचा तळवा पडला. संघातलं तिचं नाव मी तिथेच पुकारलं.

“सर, आता पाय बरोबर पडले काय?” तिने धापा टाकत विचारलं.

मी गंभीरपणे मान डोलावली. खरं तर तिच्या पायांकडे मी पाहिलंच नव्हतं. मनाने मीही कुसुमच्याच मागे धावत होतो, आणि शिकवणारा कुठे थांबला नि खेळणारा कुठून निघाला, ते त्या झाडलेल्या मातीवर काही केल्या दिसत नव्हतं.