पुठ्ठ्यावरचं पाचवं भोक

मित्रांनो, दुपारपासून मनातून जात न्हाई, म्हणून लिहून राह्यलो.

मागच्या आठवड्यात गाडीला रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आल्ता. माझी इलेक्ट्रिक कार चालते, पण बंपरमागचा लोखंडी बीम वाकला. आज जालना एमआयडीसीत भंगारवाल्या चाचांकडं जुना बीम बघायला गेल्तो. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक भोकं बदलतात, म्हणून माझ्या बीमची भोकं पुठ्ठ्यावर उतरवून नेली.

पुठ्ठा ठेवला. बोल्टची चारही भोकं बराबर. अन् पाचवंही!

पाचवं कंपनीचं न्हाईच. बिब्बा-लिंबू बांधायला मीच ते डावीकडं पाडलेलं, घाईत पुठ्ठ्यावर उतरलं. या बीमलाही तिथंच भोक. त्यात काळा दोरा, दोऱ्याला बिब्बा.

"चाचा, या बीमची गाडी भंगारात कशी आली?"

"मागून ट्रक घुसला. समोर ओरखडाही न्हाई, बघा."

"अन् चालवणारा?"

चाचांनी दोरा कापून टाकला. "बीम बिलकुल सरळ आहे. घेऊन जा."

बीम मागच्या सीटवर ठेवला. घरी वाटूरपर्यंत समोर कमी अन् आरशात जास्त बघत आलो.

आपण सगळे बिब्बा समोरच का बांधतो हो?