रिठातली बातमी

१९६६ ची संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. दुपारी मी आणि आई मुकुटबनहून मामाच्या गावी पायी निघालो होतो... मामाकडे पाहुणे येणार होते, मला बघायला.

मी सातवीत होते. आई सकाळपासून माझ्याकडे बघायचं टाळत होती.

वाटेत एक रीठ लागायचं. उठून गेलेल्या, ओसाड गावाला आमच्याकडे रीठ म्हणतात. पटकीच्या साथीत तिथली निम्मी माणसं गेली आणि उरलेली घरं सोडून निघून गेली. तिथून लोक भराभर चालत, तोंडातून शब्द न काढता.

त्या दिवशी रिठात शिरलो आणि आई थबकली. पडक्या घरांपुढे ताजा सडा टाकलेला होता. छप्पर नाही, भिंती नाहीत, आत बोरीची झुडपं... आणि प्रत्येक उंबऱ्यापुढे ओली जमीन, त्यावर ठिपक्यांची रांगोळी.

मग आवाज आला. पुरुषाचा, खणखणीत, हिंदीतला... आणि माणूस तर कुठेच दिसेना. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. वाट नेमकी त्या आवाजाच्या बाजूनेच जात होती.

चिंचेखालच्या पारावर एक ट्रान्झिस्टर बोलत होता. शेजारी एक म्हातारी उभी होती, पडक्या घरांकडे तोंड करून. ती एकेकाला नावाने हाक मारून सांगत होती, दिल्लीत आता बाई बसली म्हणून. हाक मारायची, जरा थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची... मग पुढचं नाव.

मी आईच्या मागे सरकले. पण आम्हाला बघून ती अगदी साधेपणाने बसा म्हणाली. ती त्याच गावची, आता पलीकडच्या खेड्यात भावाकडे राहायची. नवरा आणि लेक सुमी साथीत इथेच गेले होते. फौजेतल्या भाच्याने रेडिओ दिला तेव्हापासून काही मोठं घडलं की ती इथे यायची, दारोदार सडा-रांगोळी घालायची.

"गावाले सांगा लागते ना," म्हणाली.

थोड्या वेळाने मराठीत बातम्या लागल्या. देशाची पंतप्रधान म्हणून पहिल्यांदाच एका बाईने शपथ घेतली होती. आईला हिंदी कळत नव्हतं, हे मात्र कळलं. ती रेडिओकडे बघतच राहिली.

म्हातारीने विचारलं, कुठे निघाल्या. आईने खाली बघत सांगितलं. पोरगी शिकते का, म्हणून तिने विचारलं, तर आई हळूच म्हणाली, सातवीत आहे, पहिला नंबर असतो.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने रेडिओ बंद केला, एका पडक्या घराकडे वळली आणि त्याच सुरात हाक मारली.

"सुमे, हे पोट्टी सातवीत हाये. माय तिले दाखवाले नेऊन राह्यली. जाऊ देऊ का?"

आणि थांबली.

वारा नव्हता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. खरं सांगते... मी आणि आईही कान देऊन वाट बघत होतो.

किती वेळ गेला कोण जाणे. आई उठली आणि चल म्हणाली. मला वाटलं, मामाकडे... पण ती मुकुटबनच्या वाटेला लागली.

घरी खूप बोलणी खाल्ली तिने. वडील संतापले, मामाने कितीतरी दिवस तोंड दाखवलं नाही. आईचं उत्तर एकच होतं.

"आता बाईचं राज आलं. पोरीले शिकू द्या, काहीतरी चांगलंच होईन."

मी मॅट्रिक झाले, नर्स झाले, पुसदला नोकरी केली. पुढे त्या बाईच्या राजवटीने कधी आनंद दिला, कधी चांगलाच राग आणला. मी मतदानाच्या रांगेत उभी राहून दोन्ही दाखवले. पण त्या दुपारी माझ्या अडाणी आईने दिल्लीतल्या एका अनोळखी बाईवर जो विश्वास टाकला, तेवढा मला पुन्हा कुणावर टाकता आला नाही.

रिठात आईला काही ऐकू आलं का, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही. मला काहीच ऐकू आलं नव्हतं... पण सुमीच्या नावाने मी आजही दिवा लावते.