फळ्यावरचा मेंढपाळ

"गोष्ट लिहायची तर आधी आखायची," असं म्हणत उलकान फळ्यावर खडूने डोंगर काढायची. पायथ्याशी एक माणूस, माथ्यावर त्याला हवी असलेली वस्तू, मधल्या चढावर त्याला अडवणारा. "अडवणाऱ्यालाही काहीतरी हवं असतं. ते सापडलं नाही तर गोष्ट लंगडी पडते."

डोंगरातल्या कारा-तोर गावच्या शाळेत ती नववीला हे शिकवायची आणि उदाहरण दरवर्षी तेच द्यायची. एक मेंढपाळ होता. हिवाळ्यात सामुदायिक कळपातल्या मेंढ्या नाहीशा झाल्या. विकल्या होत्या त्या कळपाच्या प्रमुखाने, पण चोर ठरला मेंढपाळ. तुरुंगातून परत आला तो खोकत, आणि वर कुरणांकडे जायचे दिवस यायच्या आधीच वारला. "आता हे तुमच्या शब्दांत लिहा."

तो मेंढपाळ म्हणजे तिचा बाप, सिदीक. प्रमुख होता जुमाकादिर. वर्गात तिने ही नावं कधी घेतली नाहीत. बापाच्या दफनाला जुमाकादिर सगळ्यांत मोठ्याने रडला होता. जेवताना मानाचं म्हणून मेंढीचं मुंडकं त्याच्याच पुढे आलं. रिवाजाप्रमाणे त्याने मुंडक्याचा कान कापून छोट्या उलकानच्या हातावर ठेवला. "खा पोरी, आता मीच तुझा बाप." तिने तो खाल्ला.

पोरं गोष्ट लिहीत, घरी वाचून दाखवत. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं वर्गात आली. गावात कुणी काही बोलत नव्हतं, पण जुमाकादिर दुकानात शिरला की बोलणी थांबायची.

मग नववीत ऐझिरेक आली, त्याचीच नात. तिचा बाप राजधानीत, बिश्केकमध्ये, इंजिनिअर. पोर आजोबांपाशी वाढलेली, हुशार, हट्टी. उलकानने तिलाही तीच गोष्ट दिली. सगळ्या पोरांसारखी तीही उलकानला एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

आठवडा गेला आणि जुमाकादिर काठी टेकत शाळेत आला. वर्ग रिकामा होता.

"उलकान, पोरगी माझं डोकं खातेय. आजोबा, त्या प्रमुखाला काय हवं होतं? जेवताना तेच, झोपताना तेच. बंद कर ही गोष्ट."

"कुठली गोष्ट, अक्साकाल?" वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं ती अदबीने म्हणाली. "तिच्यात कुणाचं नाव आहे का?"

"उगाच वेड पांघरू नकोस. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग मी वेगळं काय सांगितलं?"

म्हातारा बाकावर बसला. "माझे किती दिवस उरलेत? माफ कर आता."

"माफी माझ्या बापाकडे मागायची होती. तो जिवंत होता तेव्हा तुमच्या घरावरूनच जायचा."

तो उठला. ती फळा पुसत राहिली, दार धरायला गेली नाही.

ऐझिरेकने अखेर उत्तर मिळवलंच. कसं, ते तीच जाणे. आजोबा तिला नाही म्हणू शकत नसत. तिच्या गोष्टीतल्या प्रमुखाला मुलाला मॉस्कोला शिकायला पाठवायचं होतं, त्यासाठी त्याने मेंढ्या विकल्या. हा प्रमुख आपल्या घरातला आहे, हे पोरीला ठाऊक नव्हतं. उलकानने ते पान दोनदा वाचलं. मग लाल शाईने पाच दिले, पैकीच्या पैकी, आणि नवरोझच्या कार्यक्रमात वाचायला सांगितलं.

सभागृह भरलं होतं. जुमाकादिर पहिल्या रांगेत, नातीचं कौतुक बघायला. ऐझिरेक छान वाचत होती. मॉस्कोचं नाव आलं तशी मागून बुरमा म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं बाई! जुमाकादिर, मेंढ्या गेल्या त्याच वर्षी तुझा मुलगा गेला ना रे मॉस्कोला?"

ऐझिरेकने पानावरून मान वर केली, आजोबांकडे पाहिलं, आणि ती वाचायची थांबली. म्हातारा उठला, भिंत धरत बाहेर पडला. पायऱ्या उतरताना त्याला कुणी हात दिला नाही. उलकान खिडकीतून बघत होती. तिला गाणं म्हणावंसं वाटलं.

महिन्याभरात जुमाकादिरचा मुलगा बिश्केकहून दोघांना न्यायला आला. निघण्याआधी ऐझिरेक शाळेत आली.

"एजे, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मलाच का वाचायला लावलंत?"

"दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर तो उठून गेला नसता."

पोरगी रडली नाही. आपला कागद टेबलावरून उचलला, चार तुकडे केले, बाकावर ठेवले आणि गेली.

गाडी शाळेसमोरून गेली तेव्हा उलकान फाटकात उभी होती. म्हाताऱ्याने काचेतून पाहिलं. तिने नजर हटवली नाही. गाडी पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी होती. पोरीसाठी तिचा जीव कळवळला, पुढेही कितीदा कळवळला. म्हाताऱ्यासाठी एकदाही नाही.