डेशियसचा दाखला, मुक्काम दौंड

संशोधनात पुरावे वर्षानुवर्षं शोधावे लागतात. किस्से मात्र न मागता गोळा होतात. माझ्या प्रबंधात तळटिपेशिवाय एकही विधान नाही. खालच्या मजकुराला एकही तळटीप नाही, त्याबद्दल क्षमस्व!

विषय एवढाच : तिसऱ्या शतकात रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढलं, की प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. ज्या ख्रिस्ती लोकांनी नकार दिला, त्यांतले कित्येक तुरुंगात गेले, काही जिवाला मुकले. आणि काहींनी बळी न देताच दाखला मिळवला. या शेवटच्यांवर माझं पाचवं प्रकरण आहे. मथळा : 'भित्र्यांची पळवाट'.

*

दौंडला मी कॉलेजात इतिहास शिकवते, आईवडील शिरूरला. एकदा तिकडून परत येताना एसटीत शेजारी एक आबा बसले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता ऊस करतात. त्यांनी विषय विचारला, मी सांगितला. शेवटपर्यंत नीट ऐकून म्हणाले, "समद्यांनी एकाच टायमाला बळी द्यायचा? मंग एवढी जनावरं आणली कुठनं त्या राजानं?"

सात वर्षांत हा प्रश्न माझ्या मार्गदर्शकांना सुचला नव्हता. मलाही नाही!

*

मार्गदर्शकांचे प्रश्न निराळे असतात. ते पुण्याहून फोन करतात.

"मॅडम, डेशियसने राज्य किती केलं?"

"जेमतेम दोन वर्षं, सर."

"आणि तुम्ही त्याच्यावर किती वर्षं आहात?"

*

आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क म्हणजे आप्पा. इजिप्तमध्ये सापडलेल्या अशाच एका दाखल्याचं भाषांतर मी त्यांना झेरॉक्ससाठी दिलं. अर्जदार बहात्तर वर्षांचा, उजव्या भुवईवर व्रण, आणि 'याने आमच्यासमोर बळी दिला' अशी खाली साक्ष. आप्पांनी चष्मा लावून कागद तपासला.

"ओळखखूण हाय, साक्षीदार हाय. जावक नंबर कुठाय?"

"आप्पा, हा सतराशे वर्षांपूर्वीचा आहे!"

"आसंल. माझ्या टेबलावरनं पुढं गेला नसता."

*

मार्था मावशी केडगावच्या. जुन्या मिशनच्या आवारात वाढलेल्या, निवृत्त नर्स. खोटा दाखला घेणाऱ्यांविषयी आजच्या ख्रिस्ती माणसाला काय वाटतं, हे जाणून घ्यायला मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसले. मुलाखत मावशींनीच घेतली.

"त्यान्ला लेकरंबाळं व्हती?"

"असणार."

"मंग घेतला आसंल दाखला. पुढं चर्चनं परत घेतलं का त्यान्ला?"

"प्रायश्चित्त करायला लावून, घेतलं."

"मंग तुम्ही कोण अडवणाऱ्या?"

रेकॉर्डिंगची एकूण लांबी : एक मिनिट!

*

यंदा मुदतवाढीचा अर्ज होता. ती मिळाली नाही तर नोंदणी रद्द. सात वर्षं पाण्यात. शेवटच्या दिवशी सकाळी आप्पांच्या लक्षात आलं, की एक दाखला जोडायचा राहिलाय : 'संशोधक दर शनिवारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून अभ्यास करतात, हे आम्ही समक्ष पाहिले आहे.' खाली दोन साक्षीदार.

"आप्पा, आपलं ग्रंथालय शनिवारी बंद असतं!"

"आसू द्या की."

"मी शनिवारी घरी अभ्यास करते. तसं लिहा."

"घरी केल्याचा नमुनाच न्हाई, मॅडम."

त्यांनी सही केली. ग्रंथपालांनीही केली; शुक्रवारी संध्याकाळी कुलूप तेच लावतात. शिक्का, जावक नंबर, सगळं जिथल्या तिथं. मग तो कागद माझ्यापुढे धरून आप्पा म्हणाले, "अकराची गाडी हाय. घेताय, का फाडू?"

फाईल विद्यापीठात वेळेत पोचली. परतताना मी दौंडऐवजी केडगावलाच उतरले. मार्था मावशींच्या टेबलावर त्या दाखल्याची झेरॉक्स ठेवली आणि आमचं ग्रंथालय शनिवारी बंद असतं, हेही सांगितलं.

मावशींनी तो दोनदा वाचला, नीट घडी घालून परत दिला.

"आन् तुम्हाला तर लेकरंबाळं बी न्हाईत," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.