खरखरीत रोलर

केना शहरातल्या साखर कारखान्यात वेल्डर बखीत तीस वर्षं एकच काम करत होता. उसासोबत येणाऱ्या वाळूनं ऊस पिळणारे रोलर झिजू नयेत म्हणून तो त्यांच्यावर कठीण धातूचे थेंब चढवी. त्या खरखरीमुळेच ऊस पकडला जाई.

बडे पाहुणे येणार म्हणून नवा मॅनेजर रोलरकडे बोट दाखवत म्हणाला, "हे देवीचे व्रण घासून टाक!"

"ऊस घसरेल, साहेब."

"मला शिकवू नकोस."

बखीतनं सगळे थेंब घासून टाकले. पाहुण्यांसमोर ऊस रोलरवर नुसता नाचला, आत जाईना. मॅनेजर धावत बखीतकडे आला.

"बखीतकाका, तुम्हीच काहीतरी करा हो!"

"थेंब परत चढवायला चार तास लागतील," बखीत शांतपणे चहा ढवळत म्हणाला. "तोवर पाहुण्यांना सांगा, दातांनी सोलून खा."

पाहुणेच आधी हसले.