ऑर्लीनबाईंचा बोकड

मॉरिसव्हिलच्या ऑर्लीनबाई मूळच्या जमैकाच्या लेखिका, पण डूख धरावा तर त्यांनीच! तरुणपणी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करून पोट भरायच्या आणि आपल्या बेटाच्या बोलीत लिहायच्या. व्हिटकोम नावाच्या संपादकाने त्यांची कादंबरी परत केली. म्हणाला, "ही मोलकरणींची भाषा. हिच्यात पुस्तक होत नसतं."

बाईंनी कादंबरी त्याच बोलीत ठेवली. फक्त लग्नाच्या प्रकरणात एक बोकड घातला आणि त्याचं नाव ठेवलं व्हिटकोम. जमैकात बोकडाच्या रश्श्याशिवाय लग्नाचं जेवण होत नाही, तेव्हा त्याचं पुढे काय झालं ते तुम्हीच ओळखा! पुस्तक गाजलं. परवा लायब्ररीत वाचन होतं, तर पहिल्या रांगेत खुद्द व्हिटकोम, काठी टेकून बसलेला. त्याला तिथं दुसरं कुणी ओळखत नव्हतं.

बाईंनी शेजारच्या नीलांबरीकाकूंना तो हळूच दाखवला, तशा त्या कुजबुजल्या, "अगं, बोकड सोडून दुसरं काही वाच ना. बिचारा थकलाय."

"आम्हाला बोकड जूनच लागतो!" बाई म्हणाल्या.

शिंगांपासून शेपटीपर्यंत त्यांनी सगळा बोकड वाचला. लोक हसून लोळले. व्हिटकोमचे कान लाल झाले, तरी त्याने सहीसाठी पुस्तक पुढे केलं. बाईंनी माइक त्याच्या तोंडाशी धरला आणि गोड आवाजात विचारलं, "साहेब, नाव काय लिहू?"